नाव न घेता मांडलेला पाट

आषाढी एकादशीला मी दरवर्षी चातुर्मासाचा एखादा नेम धरते. कधी मीठ सोडते, कधी एकभुक्त राहते. यंदा ठरवलं, रोज दुपारी चार वाजता दहा पानं वाचायची. पोथी नव्हे, पुस्तक.

पूर्वी मी खूप वाचायची. हे गेले, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून डोळे ओळीवरून फिरत, पण आत काही उतरत नसे. कंटाळा म्हणावा तर तोही नव्हता. जिने चढून आल्यावर येतो तसा थकवा होता, पहिल्याच पानाला.

ऊर्जानगरात, वीजकेंद्राच्या वसाहतीत, माझ्या मुलाच्या, प्रफुलच्या क्वार्टरमध्ये मी आणि धाकटी नणंद सुगंधाबाई राहतो. ती धानोऱ्याला दिलेली, आता विधवा. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नाही. प्रफुलनं वसाहतीच्या वाचनालयातून एक जाड कादंबरी आणून दिली, एका नावाड्याच्या घरची गोष्ट.

मनात वाचलं की झोप येई, म्हणून मोठ्यानं वाचायला बसले. पोथी वाचताना आमच्याकडे समोर रिकामा पाट मांडतात आणि मारुतिरायाला नाव घेऊन ऐकायला बोलावतात. सवयीनं मी पाट मांडला, अक्षता टाकल्या. पण त्या नावाड्याच्या सुनेचं भलतंच प्रकरण चाललेलं. ते ऐकायला मारुतिरायाला कसं बोलवायचं? मी नुसतं म्हटलं, ज्याला ऐकायचं त्यानं बसावं.

सुगंधाबाई तांदूळ निवडत होती, ती हसली. "देवाले बोलवाले लाज येते वहिनी, अन् वाचाले नाई?"

आठ दिवस रेटून वाचलं. नवव्या दिवशी नदी दिसली. होडीचं ओलं लाकूड, सुनेच्या पायातली जोडवी, सगळं दिसलं. मला रडू आलं. वाचून झाल्यावर पाट उचलला तर तो कोमट होता. इथं खिडक्या लावल्या तरी बारीक करडी धूळ बसते. पाटावरही बसली होती, फक्त मधली जागा स्वच्छ होती. अक्षता कडेला सरकलेल्या.

मला वाटलं, हेच आले. पहिल्या पाळीहून आले की हे डोळे मिटून माझं वाचन ऐकत. मी कोणाला काही बोलले नाही. दहाची वीस पानं झाली, मग तीस.

भाद्रपदात मला ताप भरला. दोन दिवस नेम चुकला. तिसऱ्या दिवशी चार वाजता पडल्या पडल्या व्हरांड्यातून सुगंधाबाईचा आवाज ऐकू आला. एका सुरात, पुस्तकी मराठीत ती बोलत होती.

"तिनं घागर फोडली नाही. नुसती पालथी घातली आणि नदीकडे पाठ केली."

मी उठून खुणेचं पान उघडलं. त्याच्या पुढच्या, अजून न वाचलेल्या पानावर, वरून तिसरी ओळ.

"सुगंधाबाई, हे कुठं ऐकलं?"

तिचे हात सुपावर थांबले. "काय वहिनी?"

दुसऱ्या दिवशी तिला धानोऱ्याचं घर आठवेना. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं प्रफुलला विचारलं, तू कोणाचा रे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, आणि टॉनिक लिहून दिलं. मी अंगात ताप असताना पाट मांडून वाचायला बसले. पाच पानं झाली, तशी ती म्हणाली, "प्रफुल डबा घेऊन नाई गेला काय?"

त्यानंतर मी एक दिवसही चुकवलेला नाही.

पाटावर जो कोणी येऊन बसला होता, त्याची पाठवणी करून पाहिली. मारुतिरायाच्या नावानं सुपारी ठेवली, मग ह्यांच्या नावानं. दोन्ही वेळा पाट कोमटच. सुगंधाबाईला सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"ज्याले बोलवलं, त्याच्याच नावानं धाडा लागते वहिनी. तुमी नाव कोनतं घेतलं होतं?"

मी पुस्तकाचं पुढचं पान उघडलं.

कार्तिकी होऊन गेली. नेम संपला, वाचन संपलं नाही. प्रफुल खूश आहे, आईला पुन्हा गोडी लागली म्हणतो. आणखी तीन पुस्तकं आणून ठेवलीत. माझा घसा बसलाय. गोष्टीत काय चाललंय ते आता कळतही नाही.

कालपासून सुगंधाबाई स्वतःच पाटावर येऊन बसते. मी सावकाश वाचते. तिचे ओठ हलतात.

माझ्यामागून नाही. एक शब्द आधी.