एसीचा गॅस, टाकीचं पाणी

"तुझी हत्यारांची पिशवी माझ्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला आहे. आणि पाच वाजेपर्यंत गॅसचा चोर सापडला नाय, तर तुझा फोटो ग्रुपवर आहे."

एवढं बोलून काकासाहेब फोन ठेवायला विसरले. पुढची दोन मिनिटं मजीदला नुसत्या धापा ऐकू येत राहिल्या.

मजीद एसी दुरुस्त करायचा. शहागंजात त्याचं दुकान होतं, म्हणजे एका शटरचा अर्धा भाग. मे महिना होता, पारा त्रेचाळीसवर होता आणि वर्षभराची भाकरी याच अडीच महिन्यांत कमवायची असते. काल तो काकासाहेबांकडं काम अर्धवट टाकून शिडी आणायला गेला, तेवढ्यात पिशवी जप्त झाली होती.

ग्रुप म्हणजे क्रांती चौकामागच्या कॉलनीचा. घरं दोनशे चौदा, आणि निम्म्यांचे एसी मजीदच्या हातचे. मागं त्या ग्रुपवर एका कुत्र्याचा फोटो पडला होता, खाली लिहिलं होतं 'चप्पलचोर'. तो कुत्रा कॉलनी सोडून गेला. मजीदला जायला दुसरी कॉलनी नव्हती.

त्यानं तीन गिऱ्हाइकांना "येतोच" असं खोटं सांगितलं आणि स्कूटर वळवली.

दुपारचा एक वाजला होता. काकासाहेब गच्चीवर टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी.

"काकासाहेब, उन्हात काय करताय?"

"चोर धरायलोय. पाण्याचा. आठ दिवस पुरणारी टाकी चार दिवसांत खाली व्हायली. दहा दिवस झाले, रोज अकरा ते पाच बसतो इथं."

"मग? दिसला कुणी?"

"चिमणी नाय फिरकली. तरी पाणी कमी होतंच!"

वरच्या खोलीतला भाडेकरू बद्रीनाथ दारात उभा होता. पहिला संशय त्याच्यावर गेला होता. निर्दोष आहे हे सिद्ध करायला त्यानं आंघोळ सोडली होती. आज सहावा दिवस होता. पुरावा भक्कम होता. जवळ जाऊन तपासायची कुणाची छाती नव्हती.

"मजीदभाई, लवकर शोधा," तो कळवळून म्हणाला. "ऑफिसात माझं टेबल व्हरांड्यात टाकलंय."

खाली आतल्या खोलीत लक्ष्मीबाई झोपून होत्या. काकासाहेबांची बायको. पोटाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. घामानं टाके चिघळायला लागले होते. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, उद्यापर्यंत खोली सव्वीसवर आली नाही, तर पुन्हा दाखल करा.

एसी अठरावर लावला होता. भिंतीवरचा काटा बत्तीस दाखवत होता.

काकासाहेबांनी काठी दाराला टेकवली आणि उलटतपासणी सुरू केली.

"बसवायचे किती घेतलेस?"

"पंधराशे. तांब्याचा पाइप वेगळा, फुटाच्या भावानं."

"आठ दिवसांत एसीचा थंडावा गेला. तू फोन उचलंना, म्हणून दुसरा बोलावला. त्यानं गॅस भरायचे अठ्ठावीसशे घेतले. मग तिसरा. त्यानं बत्तीसशे. दोघं म्हणले, आधीच्यानं गॅस कमी भरलाय. म्हणजे तू!"

"तिसरा बी 'आधीच्यानं'च म्हणला?"

"व्हय."

"मग तो दुसऱ्याबद्दल बोलत असंल, काकासाहेब."

काकासाहेबांनी यावर विचार केला. तो त्यांना आवडला नाही.

"पिशवी नको," मजीद म्हणाला. "नुसतं गेज द्या. गॅस मोजायचं घड्याळ. पाच मिनटं."

काकासाहेब भिंतीकडं तोंड करून बराच वेळ कमरेशी झटापट करत राहिले. शेवटी किल्ली निघाली. मजीदनं बाहेरच्या मशीनला गेज लावलं आणि पाहिलं. मग काकासाहेबांना दाखवलं.

"गॅस पुरा आहे. उलट दोन घास जास्तीच. गॅस कुणी चोरलाच नाय."

"मग थंडावा कुणी चोरला?"

घड्याळात दोन वाजले होते. खिशातला फोन वाजत होता, गिऱ्हाइकांचा. गेज दाखवून फोटो थांबत नव्हता. ग्रुपला कारण नको होतं, चोर हवा होता.

तो खोलीत परत आला आणि थबकला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बाहेर त्रेचाळीसमधे स्कूटर चालवताना शर्ट कोरडा राहिला होता. या गावात मे महिन्यात घाम दिसायच्या आधी सुकतो. इथं मात्र तो ओघळून पायावर टपटपत होता.

"पाणी देऊ का रं बाबा?" दारातून आवडाबाई म्हणाल्या. काकासाहेबांची थोरली बहीण. भावजयीची सेवा करायला पिशोरहून आल्या होत्या. शेजारच्याच खोलीत त्यांचा मुक्काम होता. मधल्या भिंतीत वर एक झरोका होता.

"अक्का, एसीचं पाणी कुठं पडतं?"

"मोरीत. बादलीत."

मजीदनं जाऊन पाहिलं. बादली काठोकाठ भरली होती.

"कधी लावली?"

"सकाळी दहाला. रोज दोन भरतेत."

"दोन!" मजीदनं बादलीकडं पाहिलं. "एवढ्या पाण्याचं काय करता?"

"झाडाला घालते."

घरात झाड एकच होतं, अंगणातली तुळस. ती वाळून काडी झाली होती.

आवडाबाईंनीच विषय बदलला. "तोंड सुकलंय तुझं. जेवून घे. उपाशी माणूस कामाला लावणं बरं नाय."

नाही म्हणायची सोय नव्हती. भाकरी, वरण, तळलेला पापड. पापडाचा तुकडा त्यानं मोडायला घेतला, तो वाकला. मोडला नाही, नुसता वाकला, चिंधीसारखा.

"पापड मऊ पडला, अक्का."

"डब्याचं झाकण ढिलं आहे."

मग त्यानं वरण चाखलं. आणि हात थांबला.

टँकरचं पाणी बोरचं असतं, जड. महिनाभरापासून शहागंजात तुरीची डाळ शिजत नव्हती. मजीदची बायको सगीरा सोडा टाकून टाकून थकली होती. घरी डाळ खडखड वाजायची. इथलं वरण लोण्यासारखं होतं.

"झकास झालंय," काकासाहेब म्हणाले. "अक्काच्या हाताला चव आहे. लक्ष्मी दवाखान्यातून आली तर घास घेत नव्हती. अक्काचं वरण सुरू झालं अन् वाटी पुसून खायली!"

आवडाबाई पदर सावरत आत गेल्या. पदराचा काठ ओला होता.

मजीदनं वाटी संपवली. बोटं चाटली. उठला.

"काकासाहेब, तुम्ही गच्चीवर जा. रोजच्यासारखं बसा. पावणेपाचला मी हाक मारतो. बद्रीनाथरावांना बी घेऊन या, पण दाराशी उभं करा."

"अन् तू काय करणार?"

"काय नाय. ऐकत बसतो."

पावणेपाचला चौघं आतल्या खोलीत जमले, बद्रीनाथ उंबऱ्याबाहेर. लक्ष्मीबाई डोळे मिटून पडल्या होत्या. काकासाहेबांच्या हातात फोन होता आणि फोनवर मजीदचा फोटो तयार होता. तो त्याच्या लग्नातला होता. कुठून मिळवला, कुणास ठाऊक.

"बोल. गॅस कुणी चोरला?"

"गॅस नाय. पाण्यापासून सुरू करू," मजीद म्हणाला. "तुमच्या टाकीचं पाणी रोज गायब होतं. वर कुणी येत नाय. म्हणजे चोर वरून नेत नाय, खालून नेतो. घरातल्या नळानं."

बद्रीनाथनं इतका मोठा सुस्कारा सोडला, की सगळे एक पाऊल मागं सरले.

"आता या खोलीत या. मे महिन्यात इथं घाम वाळत नाय. तळलेला पापड वाकतो. कोरड्या हवेतून एसी दिवसाकाठी दोन तांबे पाणी काढत नाय, अन् इथं दोन बादल्या निघतेत. हे पाणी हवेत आलं कुठून?"

"कुठून?"

"टाकीतून. काकासाहेब, घरात कुलर होता ना तुमच्या? मोठा?"

"होता. पाणी पितो म्हणून मीच बंद केला. अक्काच्या खोलीत गोधडीखाली आहे. तिला सांगून ठेवलंय, बटन दाबलं तर माझ्याशी गाठ आहे!"

मजीद शेजारच्या खोलीत गेला. मागोमाग सगळे. त्यानं गोधडी ओढली. कुलरचं तोंड झरोक्याकडं होतं. गवताच्या जाळ्यांतून अजून थेंब गळत होते. मोरीच्या नळापासून एक नळी आली होती.

"तुम्ही गच्चीवर चढलात, की दहा मिनटांत हा सुरू होतो. आज बी झाला. टाकीतलं पाणी कुलरमधे. कुलरमधलं हवेत. हवेतलं झरोक्यातून एसीत. एसीतलं बादलीत, पावसाच्या पाण्यासारखं हलकं होऊन. एसीची सगळी ताकद पाणी गाळण्यात जाती, थंड करायला उरतच नाय. तुम्ही वर टाकी राखत होता, काकासाहेब, अन् खाली तुमचा एसी ती पीत होता."

काकासाहेब खुर्ची नसताना बसले. खाली, फरशीवर.

"पण कशापाय? अक्का, कशापाय?"

आवडाबाईंनी मान खाली घातली नाही. "तुझी बायको मरत होती, काक्या! चार दिवस अन्न नाय पोटात. डाळ शिजंना, खडेच्या खडे. एक दिवस टाकीला पाणी नव्हतं म्हणून त्या बादलीतल्या तांब्याभर पाण्यात डाळ टाकली. तर मेणावानी शिजली! लक्ष्मीनं पहिला घास खाल्ला. दुसऱ्या दिवशी बादलीत वाटीभर बी पाणी नाय. उकडत होतं म्हणून कुलर लावला, तर संध्याकाळी बादली भरली. मग तू घरात नसलास, की रोज लावला. पुण्याईचं काम वाटलं."

पंधरा दिवस सगळ्यांनी एसीच्या पोटातलं पाणी खाल्लं होतं. काकासाहेबांनी दोन-दोन वाट्या. मजीदनं बोटं चाटली होती.

"लक्ष्मी," काकासाहेब हळूच म्हणाले, "तुला माहीत होतं?"

लक्ष्मीबाईंनी डोळे उघडले. "झरोका माझ्याच डोक्यावर आहे."

"मग बोलायचं नाय? टाके चिघळायलेत तुझे!"

"उकडत होतं. पण वन्सं बारा वाजता वरण आणायच्या, तव्हा बरं वाटायचं." त्या थांबल्या. "तुम्ही तर दिवसभर गच्चीवर."

काकासाहेब उठले, मजीदची पिशवी आणून त्याच्यापुढं ठेवली आणि किल्ली करदोट्याऐवजी खिशात टाकली.

मजीदनं जास्तीचा गॅस काढला, झरोक्याला पुठ्ठा ठोकला, एसीची जाळी धुतली. "जाळी धुवायचे सहाशे, येण्याचे तीनशे. पुठ्ठा तुमचाच. डाळीला जारचं पाणी आणा, तीस रुपयांत वीस लिटर."

"इकतचं पाणी?" आवडाबाई कळवळल्या.

"अक्का, डाळीत गेलेलं एसीचं पाणी तुम्हाला लिटरमागं तीनशे पडलंय. दोन वेळचा गॅस धरून."

पाच वाजता ग्रुपवर फोटो पडलाच. लग्नातलाच. खाली काकासाहेबांनी लिहिलं होतं: 'मजीद, एसीवाले. गॅस पुरा असला तर भरत नाहीत.' बद्रीनाथनं ते वरून, बाथरूममधून, नळ पूर्ण सोडून वाचलं.

साडेसहाला काटा सव्वीसवर आला. जार आला, डाळ शिजली. आवडाबाईंनी वाटी भावजयीपुढं धरली आणि निकाल लागायची वाट बघत उभ्या राहिल्या. निघायच्या तयारीत असलेला मजीदही चपलेत एक पाय घालून थांबला.

लक्ष्मीबाईंनी घास घेतला. चावला. गिळला.

"शिजलंय चांगलं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, कुणाकडं न बघता, "पण ती एसीची चव नाय."