मार्जरीचा हातमोजा

विनीच्या आईला केक नेऊन द्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि उजेड आहे तोवर घरी परतायचं, एवढंच माझं काम होतं. विनी माझी शाळेपासूनची मैत्रीण. शनिवारी ती नदीत सापडली, ओलांडायला टाकलेल्या दगडांच्या अगदी खालच्या अंगाला. पाय घसरला, असं हवालदार म्हणाला. ते दगड विनी डोळे मिटून ओलांडायची. मला काही ते पटलं नाही.

तिला पुढच्या खोलीत निजवलं होतं. मेणबत्त्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. आमच्या खोऱ्यात भेटायला आलेल्यानं मयताच्या कपाळाला उघडा हात लावायचा असतो, म्हणजे ते मागे लागत नाही. मी लावला. कपाळ गार होतं. मला रडू फुटलं.

मग मार्जरी आली, आमच्यातली तिसरी मैत्रीण. तिनंही हात टेकवला, पण हातमोजा घालूनच.

"मोजा काढ की गं," विनीची आई म्हणाली.

"हात गारठलेत हो, मिसेस थ्वेट. विनीला चालेल. तिला माझं सगळंच चालायचं."

इथेच कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. आपला नवरा वॉल्टर कॅनडाला गेलाय, असं मार्जरी वर्षभर गावाला सांगत होती. आणि शुक्रवारीच विनी माझ्या कानाशी लागली होती, "वॉल्टर कुठेही गेलेला नाही, हेस्टर. रविवारी सांगते सगळं." तिचा रविवार आलाच नाही.

निघताना मार्जरीनं माझ्या हातात हात अडकवला. आमची दोघींची घरं नदीपलीकडे. नाही म्हणायला कारण सुचेना. आणि खरं सांगायचं तर, ती तशी नसावी असंच मला मनापासून वाटत होतं. आता तीच एक उरली होती मला.

नदीवर धुकं उतरलं होतं. पाण्याचा तेवढा आवाज येत होता. मार्जरी पुढे, मी मागे, माझा उजवा हात तिच्या हातात. मधल्या दगडावर ती थांबली.

"विनी तुला काही बोलली होती का गं...?"

"नाही."

"खोटं बोलायला तुला कधी जमलंच नाही, बये."

तिची पकड आवळली. तिनं मला पाण्याकडे ओढलं, अगदी हळू... माझा पाय निसटला. तेवढ्यात कुणीतरी माझा डावा हात धरला. त्या बाजूला दगड नव्हता, नुसतं पाणी होतं.

मार्जरीनं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हिला... हिला कशाला आणलंस?"

माझा हात सोडून ती धुक्यात धावत सुटली. मी वळून पाहिलं नाही. तो हात मला काठावर आणि तिथून थेट हवालदाराच्या दारापर्यंत घेऊन गेला. बोलायला मी तोंड उघडलं, तेव्हाच सुटला.

वॉल्टर मार्जरीच्या परसात सापडला, सफरचंदाच्या झाडाखाली. तिनं दोन्ही खून कबूल केले. विनीसाठी जे करायचं ते मी केलं. तिच्या कपाळाला उघडा हातही लावला होता.

तरी अजून त्या दगडांवर पाय ठेवला की तो हात माझ्या हातात येतो. हल्ली तो मला काठाकडे नाही, पाण्याकडे ओढतो.