कापलेली वायर

व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, जुने अॅम्प्लिफायर तपासावेत तर ताईनेच, असं वाजवणारे म्हणत. तिचा कान पक्का, आणि खोटा अभिप्राय ती कुणालाही लिहून देत नसे. म्हणूनच त्या दुपारी तिला बोलावणं आलं. त्या घरातला धाकटा भाऊ, गिटारवाला, वर्षापूर्वी वाजवता वाजवता विजेच्या धक्क्याने गेला होता. त्याचा अॅम्प्लिफायर आता वेगळा राहणारा थोरला भाऊ विकायला निघाला होता, आणि गिऱ्हाईक ताईच्या लेखी अभिप्रायावर अडून बसलं होतं.

जिना चढतानाच थोरला सांगू लागला, की धाकटा मुलखाचा निष्काळजी, ओल्या पायांनी वाजवायचा, आपल्याच चुकीने गेला. मागून येणारी धाकट्याची बायको खाली मान घालून ऐकत होती. ताईला ते ऐकवेना. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला दोष द्यायचा, ही कुठली रीत?

वरच्या खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. ताईने बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले. तिने स्वतःची गिटार जोडून छेडली. आवाज दाट, गोड, कुठे चरा नाही. एकच गोष्ट खटकली. एवढ्या जुन्या अॅम्प्लिफायरला थोडी तरी घरघर असते. हा अगदी मुका होता.

तिने गिटार काढून ठेवली. तरीही स्पीकरमधून तारेवर बोट घासल्याचा आवाज आला. मग सूर, सावकाश, कुणी शेजारी बसून वाजवावेत तसे... ते मध्येच तुटले, आणि पाठोपाठ श्वास अडकल्याचा आवाज आला.

"रेडिओ पकडतो कधी कधी," थोरला म्हणाला.

"रोज याच वेळेला..." धाकट्याची बायको पुटपुटली. "ते गेले त्याच वेळेला..."

ताईने प्लग उपसला, आत साठलेली वीज उतरवली आणि मागची फळी खोलली. अर्थिंगची वायर कापलेली होती. टोकाला टेप गुंडाळून ती नीट आत खोचली होती. ही वायर शाबूत असती, तर वीज जमिनीत उतरली असती, माणसात नाही.

कुणी कापली, असं तिने विचारलं. थोरल्याने आधी कानांवर हात ठेवले. मग म्हणाला, "रेकॉर्डिंगमध्ये घरघर यायची, म्हणून मी कापली. त्याला सांगायचं राहून गेलं. त्यात एवढं काय?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्षभर हा माणूस धाकट्याच्या बायकोच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला निष्काळजी म्हणत होता! तिने कागदावर ठळक लिहिलं: वायर मुद्दाम कापलेली आहे, वाजवणाऱ्याचा काही दोष नाही. थोरल्याने हात पुढे केला. ताईने कागद धाकट्याच्या बायकोला दिला.

तिने तो दोनदा वाचला.

"भाऊजी, अॅम्प्लिफायर विकायचा नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही या घरात पुन्हा येऊ नका."

आठवड्याने थोरला ताईच्या दुकानात आला. चेहरा पार उतरलेला. नळाला हात लावला तरी झटका बसतो, कडीला लावला तरी बसतो, बायकोला हात लावला तर तिला बसतो, ती आता जवळ येत नाही, म्हणाला. घरातलं वायरिंग दोन इलेक्ट्रिशियननी तपासलं. दोष सापडत नाही.

ताईचा विश्वास बसला नाही. तो लाकडी स्टुलावर बसला होता, आसपास एकही वायर नव्हती. तिने नुसता टेस्टर त्याच्या मनगटाला टेकवला.

टेस्टरमधला दिवा लागला.