शहजादी चढावर का रुसली

"दोनदा माफ," रजिया मुमानी डब्यांची पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या. "तिसऱ्यांदा बंद पडली, की मी उदगीरच्या भंगारवाल्या चंद्रप्पाला फोन लावणार. जाऊ दे एकदाची भंगारात. कबूल?"

"कबूल," जिलानी मामूंनी स्टिअरिंगवर हात ठेवून जबान दिली. "पण शहजादी बंद पडत नसते, रजिया. ती थांबून नजारा बघते."

मागच्या बाकावर जिक्रा आणि तिचा धाकटा भाऊ नबील एकमेकांकडं बघत राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं देगलूरला मामू-मुमानींकडं आले होते. आज सगळे लातूरला खालाकडं, म्हणजे मावशीकडं, आणि तिथून खरोशाची लेणी बघायला निघाले होते. पण आता लेणी राहिली बाजूला. दोघांच्या जिवाला शहजादीचा घोर लागला.

शहजादी म्हणजे मामूंची पेट्रोलवर चालणारी जुनी जीप. किती जुनी, ते देगलुरात कुणालाच ठाऊक नाही. मामू सांगत, की तिचा हॉर्न ऐकून उमरीच्या बाजारातल्या कोंबड्यांनी एकदा उभ्या उभ्या अंडी घातली होती. मुदखेडच्या फाटकात तर आगगाडीच बाजूला सरकली होती. रुळावरची गाडी बाजूला कशी सरकेल, असं नबीलनं विचारलं होतं.

"अदबीनं," मामू म्हणाले होते.

जिक्रा जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी ह्याच जीपनं आणलं होतं. तेवढं मात्र खरं होतं.

करडखेडच्या पुढं चढ लागला आणि शहजादीनं दोन गचके दिले. खोकली आणि थांबली.

"वा, काय जागा निवडली पोरीनं," मामू उतरत म्हणाले. "वारा बघा कसा येतोय."

वारा भट्टीतून निघाल्यासारखा होता. तरी मामूंनी बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी पाजलं, मुमानींनी डबा उघडला आणि सगळ्यांनी बाभळीच्या सावलीत पुऱ्या खाल्ल्या. पुऱ्या संपेपर्यंत शहजादीचा राग गेला. किल्ली फिरवली तशी सुरू झाली आणि सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी पळायला लागली.

जिक्राला मात्र एक गोष्ट खटकली. जीप थांबली तेव्हा मुमानींनी टोमणा मारलाच नाही. उलट बॉनेटकडं बघत त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आज तर असं व्हायला नको होतं."

"आजच का नको?" जिक्रानं नबीलच्या कानात विचारलं.

"जीपवर जिन्न बसलाय," नबील म्हणाला. "त्याला चढ चढायचा कंटाळा येतो."

पुढच्या चढावर शहजादी पुन्हा थांबली. मामूंनी बॉनेटवर ओला टॉवेल टाकला आणि तिला ताप आलाय असं जाहीर केलं. पण जिक्राच्या डोक्यात नबीलचा जिन्न घोळत होता. सपाटीला पळते, चढावर थांबते आणि थोडं बसलं की पुन्हा चालते. आजारी माणूस असं करत नाही. पोटभर न जेवलेला माणूस करतो.

तिसऱ्यांदा ती थांबली एका टरबुजाच्या मळ्याशी. ह्या वेळी मामूंनी नजाऱ्याचं नाव काढलं नाही.

मळ्यातून डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेले एक म्हातारे आले. "म्या शेषेराव. उन्हात कशाला बसून राहिला, पाव्हणं? लिंबाखाली या. आमची नात दीपमाला तिथं म्हैस धुऊन राहिली, तिथं पाणीबी हाय."

लिंबाच्या गार सावलीत मुमानींनी फोन काढला. नंबर दाबताना त्यांचं बोट अडखळलं. पण जबान म्हणजे जबान.

"आलोच, अक्का," पलीकडून चंद्रप्पा म्हणाला. "दोर घेऊन टेम्पोच आणतो."

मामू बाजेवर बसले आणि पायाकडं बघत राहिले. मामूंची जीभ गप्प बसलेली नबीलनं जन्मात पाहिली नव्हती. जिक्रा त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"मामू, शहजादीनं जागा काय नामी निवडली बघा. सावली, टरबुजं आणि आंघोळ करणारी म्हैस. दुसऱ्या कुठल्या जीपला इतकं सुचलं असतं?"

मामू ओठांत हसले. "माझंच औषध मला पाजतेस, बेटा?"

"तुम्हीच शिकवलंय."

तिकडं शेषेरावांची नात दीपमाला रबरी पाइपनं म्हशीच्या पाठीवर पाणी सोडत होती. म्हैस वळली, तसा तिनं पाइप हातातच दुमडला. पाणी थांबलं. नबील तोंड पुढं करून बघायला गेला आणि तिनं पाइप सोडला. नबील डोक्यापासून पायापर्यंत धुऊन निघाला.

"म्हशीपेक्षा तूच मळकट हायस की," दीपमाला म्हणाली.

"मोटार बंद केली नाहीस, तरी पाणी कसं थांबलं?" जिक्रानं विचारलं.

"मोटार लांब हाय. कोण चालत जाणार? पाइप दाबला की झालं. थोडा दाबला की थेंब थेंब येतं, बघ."

थेंब थेंब. सपाटीला पुरतं, चढाला पुरत नाही.

जिक्रा उठून पळतच सुटली. तिच्या मागं ओला नबील आणि त्याच्या मागं दीपमाला. इंजिन आता निवलं होतं. तिघांनी मिळून बॉनेट उचललं. मामूंनी ते उघडलं होतं, तेव्हा फक्त रेडिएटरकडं बघितलं होतं.

"पेट्रोलची नळी कुठली?" दीपमालानं विचारलं.

"ती मागची काळी. मामूंनी एकदा दाखवली होती. नबील, तुझा हात बारीक आहे. घाल आत."

नबीलनं कोपरापर्यंत हात घातला. "इथं कायतरी बांधलंय. चिंधी आहे. आणि आत काहीतरी कडक लागतंय."

जिक्रानं वाकून बघितलं. नळी जिथं कोपरासारखी वाकली होती, तिथं हिरव्या कापडाची गाठ आवळून बसली होती. रबर तापून मऊ झालं होतं आणि गाठ त्यात रुतली होती. जिक्रानं स्वतःच्या दंडाकडं बघितलं. तिथं तेच हिरवं कापड होतं, मुमानींच्या जुन्या ओढणीचं.

"हे काय हाय?" दीपमाला म्हणाली.

"इमाम जामिन. प्रवासाला निघताना माणूस सुखरूप पोचावा म्हणून कापडात नाणं गुंडाळून दंडाला बांधतात. पोचलं की ते नाणं दान करायचं. सकाळी मुमानींनी आम्हा सगळ्यांना बांधलं."

"आणि जीपला कुणी बांधलं?"

तिघं एकदम लिंबाकडं बघायला लागले.

रस्त्यावर टेम्पोचा आवाज आला. चंद्रप्पा दोर खांद्यावर टाकून उतरला आणि जीपला डाव्या-उजव्या अंगानं बघायला लागला. मामू जड पावलांनी उठले. किल्ली मुठीत होती.

जिक्रानं गाठ हळूच सोडली, नळी बोटांनी चोळून गोल केली आणि कापड मुठीत लपवून मुमानींच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"मुमानी, शहजादीवर कुणाचा तरी फार जीव आहे. तिला सुखरूप पोचवायला त्यानं गुपचूप काहीतरी बांधलं. त्याचं नाव मी सांगू, की तोच सांगेल?"

मुमानींचा चेहरा टरबुजाच्या फोडीसारखा लाल झाला. त्यांनी मामूंकडं बघितलं, मग जीपकडं.

"मीच बांधलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना बांधलं, तिलाच कसं सोडायचं? दंड कुठं सापडेना. ती नळी कोपरासारखी दिसली. वरून दिसेल असं बांधलं असतं, तर ह्यांनी मला जन्मभर चिडवलं असतं."

मामू पुढं आले. "रजिया, तू तर हिला भंगार म्हणतेस."

"तुम्हालाही काय काय म्हणते. भंगारात दिलं का कधी?"

शेषेराव इतके हसले, की त्यांचा रुमाल सुटला. मामूंनी किल्ली फिरवली. शहजादी एका झटक्यात सुरू झाली आणि तिचा हॉर्न वाजला तशी दीपमालाची म्हैस दावं तोडून उभ्या चढावर पळाली. हे मामूंनी सांगितलेलं नाही, दोर घेऊन तिच्या मागं पळालेल्या चंद्रप्पानं सांगितलं.

म्हशीला धरून तो घामाघूम परत आला. "मग अक्का, जीप कधी देताय?"

मुमानींनी हिरवं कापड जिक्राच्या हातातून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत जीपच्या आरशाच्या दांडीला बांधलं.

"हिच्या दंडाला इमाम जामिन आहे. मुसाफिराला मधेच भंगारात घालत नसतात."

"मग लातूरला पोचल्यावर?"

"लातूरहून देगलूरला परत कोण येणार?"

"आणि देगलूरला पोचल्यावर?"

"पुढची सुट्टी आहे की." मुमानींनी जिक्राच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "ही पोरगी नसती, तर माझ्याच दुवेनं माझी जीप गेली असती."

माझी म्हणाल्या. मामूंनी ते बरोबर ऐकलं. शेषेरावांनी मागच्या बाकावर दोन टरबुजं ठेवली. "एक पोरांच्या अकलेला," ते म्हणाले, "आन् एक म्हैस पळाली तिच्या मजेला."

चढ सुरू झाला. शहजादी न खोकता वर चढली आणि माथ्यावर पोचताच मामूंनी ब्रेक दाबला.

"आता काय झालं?" मुमानी ओरडल्या.

"काही नाही," मामू म्हणाले. "नजारा."