सात ते आठ

सोनपेठजवळच्या आमच्या गावात रोज संध्याकाळी सात वाजता शाळेची घंटा होते. मग जो तो आपला मोबाईल बंद करून माझ्याकडे आणून देतो. मी धम्मशीला, इथली शिक्षिका. फोन शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवते, कुलूप लावते आणि आठ वाजता परत देते. भगवानराव आणि त्यांचा धाकटा भाऊ सिताराम एका स्टेटसवरून भांडले आणि दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. त्यांची आई केशरबाई भर ग्रामसभेत रडली, तेव्हा हा ठराव झाला.

पहिले दोन दिवस लोक पारावर नुसते हात चोळत बसले. तिसऱ्या दिवशी केशरबाईंनी भाजलेल्या शेंगा आणल्या. आठवड्याभरात पारावर जागा पुरेना. एकदा सितारामनं एसटी कंडक्टरची नक्कल केली आणि भगवानरावांना हसता हसता ठसकाच लागला. सितारामनं उठून त्यांची पाठ थोपटली.

"दादा, मरू नको आता. लय दिसानं बोलायलोत आपण."

केशरबाईंनी डोळ्याला पदर लावला.

आठ वाजता फोन हातात घेतला तर भगवानरावांना त्यात एक फोटो दिसला. ते हसताहेत, भाऊ पाठ थोपटतोय. वेळ सात चाळीसची.

सात चाळीसला तो फोन बंद होता, कपाटात होता. किल्ली माझ्या मुठीत.

मी कपाट बघितलं, कुलूप बघितलं. फोन सोनपेठच्या दुकानात दाखवला. "मॅडम, फोटो ह्याच फोननं काढलेला हाय," दुकानदार म्हणाला.

मग रोज कुणाच्या तरी फोनात एक फोटो येऊ लागला. लोक खूश!

"मॅडम, लय झाक काढलाय," भगवानरावांची सून रेणुका म्हणाली.

"मी नाही काढला."

"ऱ्हाऊ द्या की. आमच्याकडं इतकं निरखून बघतंय तरी कोण?"

काल फोटो माझ्या फोनात आला.

अगदी मागून काढलेला. माझी वेणी, मानेवरचा तीळसुद्धा स्पष्ट.

समोर सगळा पार. सगळे माझ्या खांद्यावरून मागं बघत होते, ओळखीचं हसत होते.

"माझ्या मागं कोण होतं?" मी केशरबाईंना विचारलं.

"कुणीच न्हाई की."

फोटोत त्या पदर सावरून बाजूला सरकल्या होत्या आणि शेजारची जागा हातानं झटकून देत होत्या.