'ता' कोण?

एस्टोनियन भवनामागच्या कचराकुंडीचं झाकण एका हाताने वर धरून तो पावसात उभा होता. दुसऱ्या हातात पत्रांचा गठ्ठा. टोरांटोतल्या आम्हा एस्टोनियन लोकांची जुनी कागदपत्रं भवनाच्या तळघरात जपणं ही माझी नोकरी. गठ्ठा कुंडीत पडण्याआधीच मी काढून घेतला.

"कोणाची आहेत ही?"

"आजोबांची. बाकी अकरा खोकी तुमच्या दारात ठेवलीत. एवढी मात्र नकोत."

हा तार्मो. आजोबा आउगुस्त वाहेर म्हणजे होडीतून देश सोडलेले शास्त्रज्ञ. दलदलीतल्या शेवाळात त्यांचं आयुष्य गेलं.

"एकच ओळ वाचली," तो खालच्या आवाजात म्हणाला. "'दर रविवारी ताला भेटायला जातो, बायकोला सांगत नाही.' आजी अजून याच लोकांत उठते-बसते हो..."

आमच्या भाषेत तो, ती, ते — सगळ्यांना एकच शब्द, ता. घोटाळ्याला एवढं पुरे.

"शनिवारपर्यंत मला वाचू द्या."

"आणि तसंच निघालं तर?"

"तर सॉनाच्या भट्टीत घाला. काडी मी देते."

मग तो रोज येऊ लागला. गंजलेल्या टाचण्या काढायला मदत म्हणे! तासाला सहा टाचण्या काढी, आणि उरलेला वेळ माझ्याकडे बघे. कितीदा ते मी मोजलं होतं... सांगणार नाही.

गुरुवारी मी पाचवं पत्र त्याच्यापुढे सरकवलं.

"'जूनमध्ये ता पिवळंधमक फुललं,'" तो वाचू लागला, "'पण पानांवर बुरशी —'" आणि थांबला.

"बाईला पानं नसतात," मी म्हटलं.

"ऑर्किड?"

"दलदलीतलं. पुढची ओळ वाचा. रविवारी तरी चिखल घरात आणायचा नाही, अशी आजींची ताकीद होती, म्हणून सांगत नसत."

तो हसत सुटला, मग गठ्ठा जवळ ओढला. "जाळून टाकलं असतं मी." त्याने देणगीच्या कागदावर सही केली. बारावं खोकं.

"म्हणजे उद्यापासून मला इथे यायचं कारण नाही."

"नाही," मी कागद सरळ करत म्हटलं. तो आधीच सरळ होता.

तार्मो दारापर्यंत गेला. वळला. "मग कारणाशिवाय आलो तर तुम्हाला... तुला चालेल?"

'तुम्ही'वरून 'तू'वर यायला आमच्याकडे वर्षं लागतात. या गड्याने चार दिवसांत उरकलं.

"तळघर पाचला बंद होतं," मी म्हटलं. "तू सव्वापाचला ये."