सोनावण्यांच्या पत्रिकेची शेपटी

"टीचर, तुम्ही आत्ता येऊ शकाल का? दुकानातली सगळी कामं गेली. मीच घालवली म्हणतायत."

सकाळी अकराला मृणाल तांबेचा फोन आला तेव्हा शालन मोरे मेथी निवडत होत्या. शाळेत अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवून त्या निवृत्त झालेल्या. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, विचारून बटण दाबणारी आणि दाबून विचारणारी, असं त्यांचं मत होतं. मृणाल पहिल्या प्रकारातली. त्यांचीच विद्यार्थिनी. म्हणून त्यांनी मेथी तशीच टाकली आणि चपला घातल्या.

दुकान कोपर स्टेशनपासून पाच मिनिटांवर. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे फलक, सगळं एकाच प्रिंटरमधून निघतं. मालकीण हेमांगी सामंत काउंटरमागे फुगून बसलेली. तिचा पुतण्या ऋतुराज लॅपटॉपची बॅग पायाशी ठेवून खुर्चीत रेलून मोबाईल फिरवत होता. मानपाड्याला त्याचं 'आयटी सोल्युशन्स'चं ऑफिस होतं, म्हणजे एक टेबल आणि एक पाटी. कोपऱ्यात परशुराम गुरव, वीस वर्षांपासूनचे ऑपरेटर, मान खाली घालून टाइप करत होते. मृणालचे डोळे लाल झालेले. सकाळपासून कामासाठी थांबलेली दोन गिऱ्हाइकं काउंटरशी उभी.

"हिला मी स्पष्ट सांगितलंय," हेमांगी म्हणाली. "पाचपर्यंत फाइली आल्या नाहीत तर उद्यापासून येऊ नकोस. या सीझनची चाळीस लग्नं होती त्या फोल्डरमध्ये. लोकांना काय तोंड दाखवू?"

"फोल्डर गेलं कसं?" शालनताईंनी विचारलं.

मृणालने सांगितलं. काउंटरवर प्लॅस्टिकचा ट्रे असतो. गिऱ्हाईक आपला पेनड्राइव्ह चिठ्ठी गुंडाळून त्यात टाकून जातं. आज सकाळी ट्रेमध्ये एक होता, चिठ्ठीवर 'सोनावणे, लग्नपत्रिका'. तिने लावला. आत एकच पीडीएफ. उघडली तर काहीच आलं नाही. दहा मिनिटांनी बघते तर चालू कामांचं फोल्डर रिकामं.

"आणि पेनड्राइव्ह?"

"काकूंनी लगेच काढून ड्रॉवरमध्ये टाकला, कुलूप लावून. परत कोणी हात लावलेला नाही."

"भिंतीवर स्वतःच यादी चिकटवते आणि स्वतःच फसते," ऋतुराज हसला. "बघा ना टीचर."

भिंतीवर मृणालच्या अक्षरात कागद होता: 'या शेपटीच्या फाइली उघडायच्या नाहीत: exe, bat, vbs, js, msi.' खाली लिहिलेलं, 'फुकटचे क्रॅक सॉफ्टवेअर पण नाही.'

"शेवटची ओळ का लिहिलीस गं?"

मृणालने खाली बघितलं. उत्तर परशुरामांनी दिलं. "ऋतुराजसाहेबांनी टाकलेला अँटीव्हायरस चोरीचा होता. मृणालने मागच्या महिन्यात पकडला. तेव्हापासून हेमांगीवहिनींनी त्यांचं येणंच बंद केलेलं."

"काका, तुम्ही आपला श्रीगणेशा टाइप करा," ऋतुराज म्हणाला. "टीचर, मला सांगा, स्क्रीनसेव्हरची फाइल कोणी पत्रिका समजून उघडतं का? बेसिक आहे हो. काकू, टेन्शन घेऊ नको. मी संध्याकाळपर्यंत सगळं रिकव्हर करून देतो."

"तुम्ही पेनड्राइव्ह पाहिलात?" शालनताईंनी सहज विचारलं.

"मी कशाला पाहू? आत्ता तर आलो."

अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली पोरं शालनताईंनी वर्गात पोत्याने पाहिली होती. त्यांनी फक्त मान डोलावली.

"मशीनला हात कोणी कोणी लावला?"

"काल संध्याकाळी ऋतुराज आलेला," हेमांगी म्हणाली. "अपडेट मारतो म्हणाला. म्हटलं, असू दे, घरचाच आहे. आज सकाळी परशुरामांनी दुकान उघडलं."

शालनताई आधी परशुरामांच्या स्क्रीनजवळ गेल्या. प्रत्येक फाइलला शेपटी दिसत होती. पुढे नाव, मागे टिंब आणि प्रकार. मग त्या मृणालच्या मशीनवर बसल्या. तिथे सगळी नावं बोडकी होती.

"हे असं कधीपासून?"

"मीच दोन्ही मशीनवर शेपट्या दिसतील असं केलेलं," मृणाल म्हणाली. "आज सकाळी बघितलं तर नव्हत्या. वाटलं, अपडेटमुळे असेल. घाई होती टीचर."

"घाई होती! तुझ्या श्रद्धांजलीच्या फलकावर हेच लिहू का?" शालनताई कडाडल्या. दोघा गिऱ्हाइकांनी मागे वळून पाहिलं. "बरं. सोनावण्यांना फोन लाव."

सोनावणे स्पीकरवर आले. पेनड्राइव्ह? छे हो, आम्ही कुठला दिलेला? मॅटर तर मागच्या आठवड्यात कागदावर दिलं, तुमच्या रजिस्टरात नोंद आहे.

रजिस्टर काउंटरवर उघडंच असायचं. कोणीही वाचावं.

"आता ड्रॉवर उघडा," शालनताई म्हणाल्या. "पेनड्राइव्ह लावते, उघडणार काहीच नाही. नुसतं बघायचं."

स्क्रीनवर एक नाव आलं, पीडीएफचं चित्र लावलेलं: 'श्री गणेश प्रसन्न सोनावणे पत्रिका.pdf'.

"मृणाल, काय चुकलंय?"

तिने स्क्रीनवर बोट ठेवून नाव शेवटपर्यंत वाचलं. मग कपाळावर हात मारला. "शेपट्या लपवलेल्या असतील तर पीडीएफ दिसायलाच नको. बाकी सगळ्या बोडक्या आणि हिलाच शेपटी. म्हणजे खरी शेपटी हिच्यामागे आहे."

"हे सकाळीच समजलं असतं तर माझी मेथी निवडून झाली असती." शालनताईंनी दोन जागी टिचक्या मारल्या. नाव लांबलं. आता शेवटी '.pdf.scr' होतं.

"एससीआर म्हणजे?" हेमांगीने विचारलं.

"स्क्रीनसेव्हर. नावाला चित्रं दाखवणारा, पण आत कसलाही प्रोग्राम चालवता येतो. एक्सईचाच सख्खा भाऊ." शालनताईंनी खुर्ची वळवली. "मृणालच्या यादीत तो नाही. या दुकानात कोणाला माहीत नव्हता. पेनड्राइव्ह कुलपात होता, स्क्रीनवर दिसलेलं पीडीएफ. तरी आत्ताच आलेला एक माणूस मला म्हणाला, स्क्रीनसेव्हरची फाइल कोणी उघडतं का."

ऋतुराजचा मोबाईल थांबला. "मी आपलं अंदाजे बोललो. आणि नाव बघा ना! श्री गणेश तर परशुरामकाका प्रत्येक फाइलला देतात. मृणाल आल्यापासून त्यांची कामं कमी झालीत. त्यांना विचारा."

"विचारायची गरज नाही. माझ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका यांनीच केलेली," शालनताई म्हणाल्या. "मी काही सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, बाई, वर तथागतांची प्रतिमा घ्यायची ना, बाबासाहेबांची कुठे घेऊ? आणि फाइलला नाव दिलं 'मंगल परिणय मोरे'. सोनावणे आमच्यातलेच. वीस वर्षं पत्रिका करणारा माणूस बौद्ध घराच्या पत्रिकेवर श्री गणेश लिहीत नाही, चोरी करतानासुद्धा नाही. असं तोच लिहितो ज्याने या दुकानातल्या फाइलींची नावं वरवर चाळलीत आणि पत्रिका जन्मात केली नाही."

परशुरामांनी पहिल्यांदा मान वर केली.

"काल अपडेटच्या नावाखाली शेपट्या लपवल्या, फोल्डरची कॉपी घेतली, रजिस्टरातलं नाव उचललं, जाताना फोल्डर पुसणारा हा पेनड्राइव्ह ट्रेमध्ये टाकला. आज मृणाल बदनाम, आणि संध्याकाळी हे फाइली घेऊन देवासारखे अवतरणार. रिकव्हर कसलं डोंबलाचं? त्या बॅगेतला लॅपटॉप उघडा, ऋतुराजसाहेब. नाहीतर इथेच पोलिसांना बोलावते."

बॅगेची चेन उघडायला त्याला फार वेळ लागला. चाळीसच्या चाळीस लग्नं लॅपटॉपवर होती.

"काकू, मला फक्त हिला दाखवायचं होतं," तो पुटपुटला. "यादी लावून माझी लाज काढते. मला, इंजिनियरला."

"इंजिनियर!" शालनताई म्हणाल्या. "चोरीचा अँटीव्हायरस, चोरीचं नाव, आणि तेही धड चोरता येईना."

हेमांगीने फाइली परत घेतल्या, पुतण्याला दार दाखवलं आणि पदर सावरत मृणालकडे वळली. "झालं गेलं विसर गं. बस जागेवर. सोनावण्यांचं आजच करायचंय."

मृणाल बसली नाही. पर्स खांद्याला तशीच होती.

"सकाळी गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला बेजबाबदार म्हणालात काकू. ती दोघं अजून इथेच उभी आहेत."

हेमांगीने दोघांकडे पाहिलं, मग शालनताईंकडे, कोणी मदतीला येतं का ते बघायला. शालनताई पेनड्राइव्हवरची चिठ्ठी वाचण्यात दंग होत्या.

"चुकलं माझं," हेमांगी शेवटी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मृणालची काही चूक नव्हती."

मृणालने पर्स खाली ठेवली. बसण्याआधी पेन घेऊन भिंतीजवळ गेली आणि 'msi'च्या पुढे 'scr' लिहिलं. मग खालची ओळ पुन्हा गिरवली, जरा जाड.